रिकामी फेरी

पार्सलच्या हबमध्ये उद्याच्या पाळीला किती लोडर लागतील हे काढण्याचे गणित चौथीतल्या मुलाला यावे इतके सोपे असते. उद्या किती नग येतील याचा अंदाज घ्यायचा, एक माणूस तासाला किती नग गाडीत चढवतो तो दर घ्यायचा, त्याला पाळीच्या तासांनी गुणायचे आणि आलेल्या संख्येने एकूण नगांना भागायचे. नग 18,000 असतील, दर तासाला 250 चा धरला असेल आणि पाळी 8 तासांची असेल, तर 9 माणसे. भिवंडीच्या बाजूच्या एका हबमध्ये काही वर्षे हे गणित रोज दुपारी मांडून ठेकेदाराला आकडा कळवणे हे माझे काम होते, आणि ते करता करताच माझी खात्री पटली की लोडरच्या वाट्याला येणारे खरे ओझे खोक्याच्या वजनात कमी आणि या भागाकारात जास्त असते. खोका 6 किलोंचा आहे की 16 किलोंचा, यापेक्षा 9 च्या जागी 7 माणसे आली की 11, यावरून रात्री त्याच्या कमरेची काय अवस्था होणार हे अधिक ठरते. वाचताना ही गोष्ट उघड वाटेल. परंतु आपले कायदे, आपल्या चळवळी आणि आपली सहानुभूतीही आजवर बहुतेक वेळा वजनाभोवतीच घोटाळत राहिली आहे.

भिवंडी म्हटले की जुन्या पिढीला यंत्रमाग आठवतात. गोदामे तिथे आली ती मुख्यतः जकातीमुळे. मुंबई महापालिकेची जकात 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत चालू होती, त्यामुळे माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि गिऱ्हाईक ठरेल तसतसा आत न्यायचा, हा व्यापाऱ्यांचा सोयीचा हिशेब होता. मुंबई-नाशिक महामार्ग हाताशी, न्हावाशेव्याचे बंदर फार लांब नाही, आणि माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या गावांतली भातशेती विकायला निघालेली, अशा योगातून पत्र्याच्या शेडची एक नगरीच उभी राहिली. जकात गेली तरी गोदामे हलली नाहीत, कारण तोवर घरबसल्या खरेदी करणाऱ्यांची संख्या इतकी वाढली होती की गोदामाला नवे काम मिळाले होते. हे नवे काम मात्र जुन्यासारखे नव्हते. जुन्या गोदामात माल येऊन पडतो, थप्पीला लागतो आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहतो. हबमध्ये माल राहातच नाही. संध्याकाळी येतो, रात्रीत पिनकोडप्रमाणे वेगळा होतो आणि पहाटेच्या आत निघून गेलेला असावा लागतो. गोदामात उशीर झाला तर भाडे वाढते. हबमध्ये उशीर झाला तर गाडी चुकते, आणि गाडी चुकल्याची नोंद वरपर्यंत जाते.

लोडरचे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना ते नुसते उचलून ठेवण्याचे वाटते. प्रत्यक्षात तो रोज रात्री गाडीत भिंती बांधत असतो. बत्तीस फुटी कंटेनर डॉकला, म्हणजे माल चढवण्याच्या फलाटाला, मागून लागतो, सरकत्या पट्ट्यावरून नग येतात, लोडर प्रत्येक नगाचे लेबल पाहून स्कॅनर मारतो आणि केबिनकडच्या टोकापासून एकावर एक थर रचत मागे येतो. जड खोके तळाला, हलके वर, सांध्यावर सांधा येणार नाही अशा बेताने एकेक थर बसवावा लागतो, नाहीतर घाटाच्या चढावर गचका बसला की सगळी भिंत दारावर कोसळते आणि उतरवून घेणाऱ्याच्या अंगावर येते. तळचा थर लावताना गुडघ्यात वाकायचे, मधला थर बरा जातो, आणि वरचा थर डोक्याच्या वर हात ताणून छताला भिडवायचा. मध्येच एखादी गोणी, एखादे सायकलचे चाक, चिकटपट्टी सुटलेला एखादा खोका येतो आणि भिंतीचा हिशेब चुकतो. डॉकवर पंखे असतात, पण त्यांचा वारा कंटेनरच्या आतल्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यात दिवसभर उन्हात उभा राहिलेला पत्र्याचा डबा रात्री दहालाही निवलेला नसतो. जालन्याकडून आलेला एक मुलगा मला एकदा म्हणाला होता, “साहेब, खोकं जड नाही हो, खोकं थांबत नाही.”

त्या न थांबण्याचा आकडा म्हणजे दर, आणि आमच्याकडचा 250 चा दर आला कुठून हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. जुन्या लोकांच्या बोलण्यावरून असे दिसे की हब सुरू झाले तेव्हा कोणीतरी घड्याळ घेऊन डॉकवर उभे राहिले होते, ताज्या दमाच्या चार-पाच पोरांचे पाळीच्या सुरुवातीचे काम मोजले होते आणि तोच आकडा पुढे थोडा वाढून तक्त्यात कायमचा बसला होता. पहिल्या तासाचा वेग आठव्या तासाला लावणे यात काही गैर आहे असे तक्ता पाहून वाटत नाही, कारण तक्त्याला तास सगळे सारखेच दिसतात. शिवाय त्या 8 तासांत जेवणाचा अर्धा तास, पाण्याला जाणे, लघवीला जाणे, पट्टा अडकणे आणि गाडी डॉकला लागायला होणारा उशीर हे सगळे कुठे बसते, हा प्रश्न भागाकारात उद्भवतच नाही.

सरासरी ही या गणिताची दुसरी लबाडी. नग तासाला सारख्या ओघाने येत नाहीत. शहरातल्या छोट्या केंद्रांवरून गोळा झालेला माल साधारण एकाच सुमारास सुटतो, कल्याण फाट्यावरच्या आणि माणकोलीच्या कोंडीत एकाच वेळी अडकतो आणि एकाच वेळी हबवर आदळतो. त्यामुळे पहिले दीड-दोन तास माणसे बसून असतात, मग पुढचे तीन तास पट्टा भरून वाहतो, आणि पाळीच्या सरासरीत 250 दिसणारा दर त्या तीन तासांत दुपटीच्याही पुढे गेलेला असतो. दिवसाच्या शेवटी अहवाल जातो तो सरासरीचा. त्यात सुरुवातीची बसलेली माणसे डोळ्यांत भरतात आणि वरून विचारणा होते की सात वाजता इतके लोक रिकामे का होते. अकरा वाजता काय झाले हे मात्र कोणी विचारत नाही, कारण अकरा वाजताच्या गोष्टीचा वेगळा रकाना अहवालात नसतो.

आणि मग गैरहजेरी. लोडर ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात, बरेचसे परप्रांतातून किंवा मराठवाड्यातून आलेले, काही शहापूर-वाड्याकडचे. कोणी गावी जातो, कोणी आजारी पडतो, कोणाला शेजारच्या शेडमध्ये वीस रुपये जास्त मिळतात. दहापैकी दोघे आले नाहीत तर कार्यालयात त्याची नोंद 20 टक्के तूट अशी होते. डॉकवर मात्र उरलेल्या आठ जणांचे काम 25 टक्क्यांनी वाढलेले असते. चौघे आले नाहीत तर तूट 40 टक्के, पण उरलेल्या सहा जणांवरची वाढ जवळजवळ 67 टक्के. तूट आणि भार हे एकाच चालीने वाढत नाहीत, हे अगदी साधे अंकगणित आहे, आणि तरीही कार्यालयातल्या बैठकीत तुटीचाच आकडा बोलला जाई. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये याचा कहर होतो. नग दुप्पट होतात, नवी माणसे भरती होतात, पण भिंत बांधायला न शिकलेला नवा माणूस पहिल्या आठवड्यात अर्ध्या माणसाचे काम करतो आणि त्याला सांभाळण्यात जुन्याचा वेळ जातो. तक्त्यात दोघेही एक-एक. उरलेली कसर ‘डबल’ मारून भरून काढतात, म्हणजे एक पाळी संपली की तोच माणूस दुसऱ्या पाळीला उभा राहतो. पैशासाठी बरेच जण ते आनंदाने करतात हेही खरे आहे, आणि ही खरी गोष्ट पुढे करून बाकीच्या चर्चेचे तोंड बंद करता येते हेही तितकेच खरे.

माझे थोरले चुलते, घरातले सगळे त्यांना तात्या म्हणत, पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि दाणाबंदरावर माथाडी झाले. त्यांच्या काळात शंभर किलोंचे पोते पाठीवर असे. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आणि इतर संघटनांनी त्या शंभर किलोंविरुद्ध दीर्घकाळ झगडून पोते पन्नास किलोंवर आणवले, आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाड्यांना एकत्र करून जो लढा दिला त्यातून 1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याचे मोल मला हबमध्ये काम केल्यावर जास्त कळले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे जादा वर्गणी, कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने ती कामगारापर्यंत पोचवायची, लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, दवाखाना यांची सोय व्हायची, म्हणजे मालक रोज बदलला तरी कामगाराचे खाते बदलत नाही. काम टोळीने घ्यायचे, मजुरी मालाच्या वजनावर ठरायची आणि टोळीत ती वाटून घ्यायची. टोळीत वय झालेला एखादा गडी असला तर तो थप्पी लावायला किंवा पोते पाठीवर चढवून द्यायला उभा राही आणि तरणे गडी वाहत. हे औदार्य नव्हते. ज्याला त्याला आपणही एक दिवस तिथे उभे राहणार हे माहीत होते. हबमध्ये मात्र प्रत्येक लोडर स्वतःच्या लॉगिनने स्कॅनर चालू करतो आणि त्याचा वेग त्याच्या एकट्याच्या नावावर पडतो.

तात्यांना मी एकदा विचारले होते की शंभर किलो पाठीवर घेऊन दिवसभर माणूस टिकतो कसा. ते म्हणाले, “पोतं टाकून रिकाम्या अंगानं परत येताना माणूस माणसात येतो.” तेव्हा मला ते बोलणे नुसते बोलणे वाटले. पुढे हबमध्ये लांबणारा पट्टा आला, म्हणजे कंटेनरच्या आत सरकत जाऊन लोडरच्या हातापर्यंत नग पोचवणारा, तेव्हा त्या वाक्यात किती हिशेब होता ते ध्यानात आले. पट्टा येण्यापूर्वी लोडर दारापासून आतपर्यंत खोका नेई आणि हात हलवत परत येई. ती चाल वाया जाणारी मानून पट्ट्याने ती काढून टाकली, आणि ती काढताना जड वस्तू घेऊन चालण्याचा त्रास कमी झाला हे नाकारता येणार नाही. पण परतीची फेरीही गेली. आता माणूस एका जागी उभा राहून वळतो, घेतो, वळतो, ठेवतो, आणि मधली विश्रांती, जी कोणी लिहून दिलेली नव्हती तरी दर खोक्यामागे मिळत होती, ती नाहीशी झाली. पट्टा आल्यानंतर दर वाढवला गेला, कारण चालण्याचा वेळ वाचला होता. तो वाचलेला वेळ संपूर्ण कंपनीचा, असे गृहीत धरण्यात आले.

ज्या माणसाच्या नावाने हे सगळे घड्याळाचे शास्त्र ओळखले जाते त्या फ्रेडरिक टेलरनेही इतके ताणले नव्हते. 1899 च्या सुमारास अमेरिकेत बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात त्याने बिडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुरांची पाहणी केली. एकेक ठोकळा 92 पौंडांचा, म्हणजे सुमारे 42 किलोंचा. दिवसाला माणशी साडेबारा टन वाहून होत, ते साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याचा त्याचा दावा आहे, आणि त्या गोष्टीत तिखटमीठ बरेच होते असे इतिहासकारांनी नंतर दाखवून दिले. परंतु त्याच टेलरने असेही लिहून ठेवले आहे की एवढ्या वजनाच्या कामात उत्तम मजूरसुद्धा दिवसाचा 43 टक्के वेळच ओझ्याखाली राहू शकतो आणि उरलेला 57 टक्के वेळ त्याचे हात पूर्ण मोकळे असले पाहिजेत. कामगारांनी ज्याला शिव्या घातल्या त्याच्या तक्त्यातसुद्धा रिकाम्या फेरीला जागा होती. आमच्या तक्त्यात नव्हती. नग हलके असतात, मग मोकळा वेळ कशाला, असा त्यामागचा समज.

हा समज किती चुकीचा आहे हे आकड्यांत पाहायचे तर अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचे 1991 साली सुधारलेले उचलण्याचे समीकरण उपयोगी पडते. ते 23 किलोंपासून सुरू होते. सर्व काही अनुकूल असेल तेव्हाची ही मर्यादा. मग प्रत्येक अडचणीसाठी तिला एकेका अपूर्णांकाने गुणत जायचे. हात शरीरापासून 25 सेंटीमीटरऐवजी 50 सेंटीमीटरवर असतील तर मर्यादा निम्मी. खोका जमिनीवरून उचलायचा असेल तर 0.775. कमरेत काटकोनात वळावे लागत असेल तर 0.71. आणि वारंवारतेचा अपूर्णांक तर सर्वांत कठोर आहे. दोन तासांहून अधिक आणि आठ तासांपर्यंत चालणाऱ्या कामात मिनिटाला 4 वेळा उचलायचे असेल तर 0.45, 5 वेळा असेल तर 0.35, 6 वेळा असेल तर 0.27.

आता हे आमच्या भागाकाराला लावून पाहावे. 9 माणसे आली तर तासाला 250, म्हणजे मिनिटाला चाराच्या थोडे वर. बाकी सारे आदर्श धरले तरी मर्यादा साधारण 10 किलो. 7 आली तर मिनिटाला पाचाच्या वर, आणि मर्यादा 8 किलोंच्याही खाली. 6 आली तर मिनिटाला सहा, आणि मर्यादा 6 किलोंच्या आसपास. खोका तोच आहे, पट्टा तोच आहे, गाडी तीच आहे. केवळ तीन माणसे आली नाहीत म्हणून, संध्याकाळी सुरक्षित असलेला 10 किलोंचा खोका रात्री असुरक्षित झाला. त्यात वळणे, वाकणे आणि हात ताणणे मिळवले की आकडा तीन-चार किलोंवर येतो. मिनिटाला 10 वेळा उचलायचे असेल आणि हात गुडघ्यांच्या पातळीवर जात असतील तर या कालावधीसाठी समीकरणाचे उत्तर शून्य येते, आणि मिनिटाला 15 च्या वर गेले की काम कितीही थोडा वेळ असले तरी शून्य. शून्य याचा अर्थ असा की त्या वेगाने उचलण्यासारखे कोणतेच वजन समीकरणाला मान्य नाही. हे समीकरण 19 ते 26 अंश तापमान गृहीत धरते, ही गोष्ट भिवंडीतल्या मे महिन्याविषयी बोलताना आठवावी.

आपल्या कायद्याची नजर मात्र एका वेळच्या ओझ्यावर खिळलेली आहे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना अधिनियमाचे कलम 34 इजा होण्याचा संभव असलेले जड ओझे उचलायला लावू नये असे सांगत होते आणि किती जड ते ठरवण्याचा अधिकार राज्यांना देत होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली कमाल वजनासंबंधी करार केला तेव्हा त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंचा आकडा होता. पोत्याच्या युगात हे योग्यच होते. शंभर किलो हाच अन्याय होता आणि तो डोळ्यांना दिसत होता. पण 55 किलोंच्या मर्यादेखाली आमच्या हबमधला जवळजवळ प्रत्येक नग बसतो. निरीक्षक आला असता तर त्याला कुठेही बेकायदा खोका सापडला नसता.

गंमत अशी की आकाराचा त्रास मोजण्याचे सूत्र कंपनीकडे आहे, फक्त ते गाडीपुरते आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागायचे की कुरियरचे आकारमानी वजन निघते. 60 बाय 50 बाय 40 चा उशांचा खोका काट्यावर 4 किलो भरला तरी पैसे 24 किलोंचे लागतात, कारण तो गाडीतली जागा खातो. तोच खोका लोडरच्या हातांनाही शरीरापासून दूर ढकलतो आणि वरच्या समीकरणातली मर्यादा निम्म्याजवळ आणतो, परंतु दराच्या तक्त्यात तो एक हलका नग असतो. पत्र्याच्या गाडीला जे कळते ते माणसाच्या बाबतीत लावून पाहण्याची सूचना मी एकदा बैठकीत मांडली होती. विनोद म्हणून ती चांगली खपली.

अमेरिकेत या धंद्याचा अनुभव आपल्यापेक्षा जुना आहे. तिथल्या युनायटेड पार्सल सर्व्हिसमध्ये ऑगस्ट 1997 मध्ये टीमस्टर्स या कामगार संघटनेच्या 1,85,000 कामगारांनी 15 दिवसांचा संप केला, आणि त्याचा मुख्य मुद्दा अर्धवेळ कामाचा होता. संध्याकाळी गोळा केलेले पार्सल सकाळी वाटायला निघेपर्यंतच छाननीची घाई असते, त्यामुळे लोडरला चार-पाच तासांपुरतेच बोलावणे कंपनीला परवडते. शरीराच्या बाजूने पाहिले तर छोटी पाळी चांगली. तेच समीकरण मिनिटाला 4 वेळच्या कामाला दोन तासांपर्यंत 0.45 ऐवजी 0.72 देते. पण अर्ध्या पाळीच्या पगारात घर चालत नाही, म्हणून तिथला कामगार पूर्णवेळ नोकरी मागत होता, आणि अखेर अर्धवेळ कामे जोडून 10,000 पूर्णवेळ जागा करण्याचे कंपनीने मान्य केले. 2023 च्या करारात अर्धवेळ कामगाराची सुरुवात तासाला 21 डॉलरवर आली. आमच्याकडचे लोक ‘डबल’ का मारतात याचे उत्तरही याच कोड्यात आहे: कंबर कमी तास मागते आणि घर जास्त, आणि तासाचा भाव वाढल्याखेरीज दोघांचे जमत नाही.

दराला थेट हात घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला. 1 जानेवारी 2022 पासून तिथल्या मोठ्या गोदामांना कामाचा कोटा कामगाराला लेखी द्यावा लागतो, आणि ज्या कोट्यामुळे जेवण, विश्रांती किंवा स्वच्छतागृहाची वेळ बुडेल तो कोटा लावता येत नाही. 2024 च्या जूनमध्ये दोन गोदामांसाठी एका बड्या कंपनीला सुमारे 59 लाख डॉलर दंड ठोठावल्याचे तिथल्या श्रम आयुक्तांनी जाहीर केले. योगायोग असा की त्याच जूनमध्ये आपल्याकडे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हरियाणातल्या मानेसरच्या एका गोदामाविषयीच्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. चोवीस फुटी सहा गाड्या रिकाम्या होईपर्यंत लघवीला किंवा पाणी प्यायला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याची ती बातमी होती. ती वाचून लोकांना क्रूर पर्यवेक्षक दिसला. मला त्या शपथेमागे दुपारी कोणीतरी मांडलेला तक्ता दिसला, ज्यात सहा गाड्या होत्या, हजर असलेली माणसे होती, पाळीचे तास होते, आणि भाग जात नव्हता.

माथाडी पद्धत जशीच्या तशी हबमध्ये आणावी असे मी म्हणणार नाही. माथाडीच्या नावावर काम न करता वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, मागणारी टोळकी गोदामांच्या दारात उभी राहतात, ही उद्योजकांची तक्रार खरी आहे, आणि त्याचा सर्वांत जास्त तोटा खऱ्या माथाड्यांनाच झाला आहे. शिवाय वजनावर ठरणारी मजुरी पार्सलला लागू पडत नाही. उशांनी भरलेल्या गाडीचे टनाप्रमाणे काय मिळणार? पण त्या पद्धतीतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. टोळीत माणसे किती, हे काम सुरू होण्याआधी ठरे, आणि कमी माणसांत काम करायचे तर मुकादम मालाच्या मालकाशी वेळेविषयी बोले. हबमध्ये माणसे कमी पडली तरी गाडीची वेळ तीच राहते, म्हणून सगळी तफावत उरलेल्यांच्या वेगात मुरते.

मी दोन राखीव माणसांची मागणी लावून धरली आणि ती काही महिने मिळाली. त्या काळात गाड्या जास्त वेळेवर सुटल्या, फुटलेल्या मालाच्या तक्रारी कमी झाल्या, आणि तरी आर्थिक वर्षाच्या शेवटी ती दोन माणसे नगामागच्या खर्चात दिसू लागली म्हणून काढली गेली. दर नगामागे काही पैशांचा प्रश्न होता. तो ग्राहकाकडून घेता आला नसता असे नाही, पण मोफत घरपोच मालाची सवय लागलेल्या आपल्यासारख्या ग्राहकांकडे तो मागण्याची हिंमत कोणत्याच कंपनीला होत नाही. मी ते काम सोडले त्या वर्षी दर 270 करण्यात आला होता. नगांचे सरासरी वजन घटले आहे, असे कारण टिपणीत दिले होते.

व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची नवी संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, आणि ती केवळ कारखान्यांपुरती नसून दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना सर्वसाधारणपणे लागू आहे, त्यामुळे गोदाम हा कारखाना आहे की नाही या जुन्या वादाचे कारण बरेचसे उरलेले नाही. वजनाच्या जोडीने वेगाचा विचार करायचा तर तो इथे करता येईल. मोजणार कोण, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो, पण मोजणी आजच होत आहे. स्कॅनरमध्ये प्रत्येक नगाची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते आणि मागे पडलेल्या लोडरला ताकीद देण्यासाठी ती रोज काढलीही जाते. पाळीतल्या कोणत्या पंधरा मिनिटांत कोणाच्या हातून मिनिटाला आठाच्या वर नग गेले आणि त्या वेळी डॉकवर माणसे किती होती, ही यादी त्याच यंत्रातून निघते, आणि श्रम निरीक्षकाने मागितल्यास ती द्यावी लागेल एवढी एक ओळ नियमांत घालायला कंपनीला एकही जादा माणूस नेमावा लागणार नाही.